एसएटी की एसीटी? फरक गणिताचा
अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या दोन परीक्षांपैकी नामांकित कॉलेजं एसीटीपेक्षा एसएटीला झुकतं माप देतात, हे तुमच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. इथे न्यू जर्सीत आपली मंडळी जेवायला जमली की हा विषय निघतोच, आणि एसीटीला उगाच सावत्रपणाची वागणूक मिळते. दोन्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी २०१८ मध्ये मिळून गुणांचं तुलनात्मक कोष्टक काढलंय. एसीटीचे ३४ म्हणजे एसएटीचे साधारण १५००. मग भेदभाव कसला?

आमच्या लेकीने दोन्हींचे सराव पेपर घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडवले. गणित चोख, पण घड्याळाकडे नजर गेली की पेन्सिल अडते. एसएटीत १६०० पैकी ८०० गुण गणिताचे, एसीटीत तेव्हा चार भागांतला एकच. निर्णय तिथेच झाला: एसएटी. (आता एसीटीत विज्ञान ऐच्छिक केलंय, म्हणजे हाही हिशेब बदलला.)

येल विद्यापीठाने २०२४ मध्ये एपी किंवा आयबी या शाळेतल्या वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही चालतील असं जाहीर केलं. उलट कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एसएटीचे पूर्ण १६०० घेऊन गेलात तरी प्रवेश ठरवताना ते बघतच नाहीत. लेखात याचा उल्लेखही नाही!