‘करिझ्मॅटिक’ म्हणजे कोणाला?

‘करिझ्मॅटिक’, म्हणजे लोकांना भारून टाकणारा, हे इंग्रजी विशेषण हल्ली मराठी बोलण्यात आणि लिहिण्यात फार सढळ हाताने वापरले जाते. नेता, अभिनेता, कंपनीचा प्रमुख, लोकप्रिय प्राध्यापक, कोणालाही ते लावले की त्या माणसाबद्दल आणखी काही सांगायची गरज उरली नाही, असे आपण धरून चालतो. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, तो मला आवडतो. परंतु त्याला गुणवत्तेचा दाखला मानण्याची जी सवय लागली आहे, ती मला घातक वाटते.

या शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ग्रीक भाषेत ‘खारिस’ म्हणजे कृपा आणि ‘खारिस्मा’ म्हणजे कृपेने लाभलेले दान. बायबलच्या नव्या करारातील संत पौलाच्या पत्रांत हा शब्द येतो तेव्हा रोग बरे करणे, भविष्यकथन करणे, अनोळखी भाषांत बोलणे अशी दाने अभिप्रेत असतात, आणि ती ज्याला मिळाली त्याच्या मोठेपणासाठी नसून सर्वांच्या हितासाठी आहेत, असे पौल बजावतो. हा अर्थ आजही जिवंत आहे. ‘करिझ्मॅटिक’ उपासना म्हणजे पवित्र आत्म्याच्या अशा दानांवर भर देणारी उपासना. कॅथलिक पंथात ही चळवळ १९६७ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथे धर्मगुरूच्या रुबाबाचा काहीही संबंध नाही. आपल्याकडचा ‘करिश्मा’ तर फारसीतून आलेला, व्युत्पत्तीने अगदी निराळा शब्द आहे. फारसीत त्याचा अर्थ नखरा किंवा नेत्रकटाक्ष असा होतो, आपल्याकडे तो चमत्कार या अर्थाने रुळला, आणि केवळ उच्चार जवळचा म्हणून दोघांना एकच समजले जाते.

आज रूढ असलेला अर्थ मुख्यतः जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) यांच्या मांडणीतून पसरला. लोक कोणाची सत्ता का मानतात, याची त्यांनी तीन कारणे सांगितली: परंपरा, कायदा आणि एखाद्या व्यक्तीच्या असामान्यत्वावरील श्रद्धा. या तिसऱ्या प्रकाराला त्यांनी हे विशेषण लावले. त्यातील दोन गोष्टी आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. पहिली अशी की, त्यांच्या मते ही शक्ती अनुयायांनी मान्य करण्यावर अवलंबून असते. तिची प्रचीती येईनाशी झाली की ती ओसरते. दुसरी अशी की, वेबर यांच्या लेखी हे विशेषण स्तुतीचे नव्हते. प्रेषित, युद्धवीर आणि जमावाला चिथावणारा वक्ता हे तिघेही त्यांनी एकाच प्रकारात घातले आहेत.

पहिल्या मुद्द्याला मी विशेष महत्त्व देतो. मराठीत ‘तो मला भावला’, ‘तिने सभेला भारून टाकले’ असे म्हणताना कोणाला भावला, कोणाला भारले, हे वाक्यातच सांगावे लागते. ‘तो करिझ्मॅटिक आहे’ या वाक्यात मात्र तो ‘कोणाला’ गळून पडतो आणि पाहणाऱ्याच्या मनातली ओढ ही समोरच्याची मालमत्ता ठरते. वक्ता क्षणभर थांबतो, नजर सावकाश सभागृहावरून फिरवतो, आवाज उतरवून पुढचे वाक्य बोलतो आणि पहिल्या रांगेतील लोक नकळत पुढे झुकतात. त्याच वेळी मागच्या रांगेत कोणी तरी घड्याळ पाहत असतो. दोघेही एकाच माणसाला ऐकत आहेत. बाहेर पडल्यावर भारावलेल्या श्रोत्याला ‘ते काय म्हणाले?’ असे विचारून पाहावे. पुष्कळदा मुद्दा सांगता येत नाही, बोलण्याची ढब तेवढी सांगता येते.

‘चार्मिंग’ आणि ‘करिझ्मॅटिक’ यांतही गल्लत होते. चार्मिंग माणसाशी गप्पा मारून आपण प्रसन्न होतो, करिझ्मॅटिक माणसामागे आपण चालू लागतो. ज्याच्या मागे कोणी चाललेले नाही, त्याच्या छायाचित्राखाली हा शब्द लिहिणे मला चुकीचे वाटते. तरुणांच्या बोलीत याच शब्दाच्या मधल्या भागातून ‘रिझ’ निघाला असे मानतात. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या प्रकाशकांनी २०२३ या वर्षाचा शब्द म्हणून त्याची निवड केली. त्यात मात्र समोरच्या व्यक्तीला आपल्याकडे खेचण्याची हातोटी एवढाच अर्थ उरला आहे.

वन्यजीव संवर्धनाच्या क्षेत्रात हा शब्द मला सर्वांत प्रामाणिकपणे वापरलेला दिसतो. वाघ, हत्ती, पांडा यांना तिथे ‘करिझ्मॅटिक’ प्राणी म्हणतात, कारण त्यांच्या नावाने लोकांचे लक्ष वेधता येते आणि निधीही उभा राहतो. वाघाचे महत्त्व खरेच आहे, परंतु मातीतील गांडुळाला हे विशेषण मिळत नाही म्हणून त्याचे काम कमी ठरत नाही, हे त्या क्षेत्रातील लोक जाणून असतात.

माणसांच्या बाबतीत आपण हे भान ठेवत नाही. ब्रिटनमध्ये १९४५ च्या निवडणुकीत विन्स्टन चर्चिल यांच्यासारख्या प्रभावी वक्त्याच्या पक्षाचा पराभव झाला आणि क्लेमंट ॲटली पंतप्रधान झाले. मितभाषी, साधे, भाषणात कोरडे वाटणारे असे त्यांचे वर्णन केले जाते; हे विशेषण त्यांना सहसा कोणी लावत नाही. १९४८ साली सुरू झालेली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा त्यांच्याच सरकारची आहे.