पिसं गळतायत, पण कुठली?

काल संध्याकाळी भाऊ कट्ट्यावर आला तोच मूठभर पिसं घेऊन. "तीन कोंबड्यांची गळतायत. उद्या सकाळी औषध फवारतो."

"कशाला?" नाना म्हणाला. "दिवस लहान व्हायला लागले की कोंबडी जुनी पिसं टाकतेच. हात लावू नकोस."

मला दोघांचंही पटेना. दोघांपैकी एकानंही कोंबडी हातात घेऊन नीट पाहिली नव्हती. मी विचारलं, "भाऊ, उघडं नेमकं कुठं पडलंय?"

"दोघींची पाठ आणि मानेची मागची बाजू. तिसरी तर सगळीकडून विस्कटलीय. डोकं, मान, आता पंखसुद्धा."

मग हे दोन वेगळे आजार, किंवा आजारच नाहीत. वयाप्रमाणे होणारी पीसगळ डोक्यापासून निघते, मग मान, पाठ, छाती, पंख आणि शेवटी शेपूट. साधारण दीड वर्षाच्या कोंबडीत ती पहिल्यांदा ठळक दिसते, आठ ते बारा आठवडे चालते, काहींना त्याहून जास्त लागतात. तिसरीचं तेच चाललंय. नुसती पाठ उघडी पडणं ह्यात बसत नाही.

"कोंबडे किती?" मी विचारलं.

"एक. कोंबड्या चार."

नानानं मांडीवर थाप मारली. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात. कमी असल्या की तो ठरावीक एक-दोघींवरच चढत राहतो. त्याच्या नखांनी पाठ आणि चोचीनं मान सोलवटते. भाऊ ऐकेना. "कोंबडा गरीब आहे माझा!" स्वभावाचा प्रश्नच नाही, आकड्याचा आहे. काही दिवस त्याला वेगळा ठेव, आणि पंखांखाली कुशीला ओरखडे आहेत का ते बोटांनी चाचपून पाहा. जखम पिसांखाली दडते, आणि रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच टोचत राहतात.

इथं नाना सरकला दुसऱ्याच वाटेला. "तिसरी अंडी देत नाही ना? मग काढून टाक तिला."

ह्यावर मी खरंच चिडलो. पीस म्हणजे जवळजवळ 85 टक्के प्रथिन. अंगभर नवी पिसं उगवायची तर अंड्याला उरणार काय? उलट चांगली अंडी देणारी उशिरा पिसं टाकते आणि भराभर टाकते. पंखाची मोठी पिसं दोन-दोन, तीन-तीन एकदम गळतात, म्हणून ती इतकी दरिद्री दिसते. कमी अंड्याची कोंबडी लवकर सुरू करते आणि एकेक पीस टाकत महिनोन्‌महिने रेंगाळते. भाऊची अचानक सगळीकडून विस्कटली, म्हणजे ती बहुधा त्याची सगळ्यांत कामाची. तिच्या खाद्यात प्रथिन 16 वरून 18-20 टक्क्यांवर न्यावं. आणि उचलू नये. नव्या पिसांच्या कोंबांत रक्त असतं, हात लागला तरी दुखतं.

"मग औषध नकोच?" भाऊ.

नको असं मी म्हणणार नाही. एका वर्षी मीही 'पिसांचा काळ आहे' म्हणून बसलो होतो. एका तलंगीचा, म्हणजे तरण्या कोंबडीचा, तुरा फिकट होत गेला, ती दांडीवर बसून राहायची, खाणं कमी. मला वाटलं थकली असेल. ती गेली तेव्हा दांडीच्या फटीत लाल किडे सापडले. ते दिवसा लाकडात दडतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही कळत नाही. ती तलंग अजून डोळ्यांपुढून जात नाही.

उवांचं वेगळं. त्या कोंबडीच्या अंगावरच राहतात. शेपटीखालची पिसं विंचरून पाहिली तर पिसाच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे गुच्छ दिसतात. छातीच उघडी असेल आणि कोंबडी घरट्यातून उठत नसेल, तर ती खुडूक आहे, अंड्यांना ऊब देण्यासाठी ती स्वतःच पिसं उपटते. मात्र कातडी लाल, सुजलेली, खपल्यांची, तुरा फिकट, वजन उतरलेलं, किंवा महिना उलटून एकही कोंब नाही, तर पशुवैद्याकडे न्यायला उशीर करू नये. औषध त्यांनी सांगितलेलंच, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारून. किड्यांच्या अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत, म्हणून आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा मारावं लागतं. खुराड्याच्या फटी घासल्याशिवाय मात्र सगळं फुकट.

अंधार पडल्यावर तिघंही बॅटरी घेऊन भाऊच्या परसात गेलो. पांढरं फडकं दांडीच्या खालून दाबून फिरवलं. किडे असते तर लाल रेघ उठली असती. फडकं स्वच्छ निघालं. दुसरीच्या कुशीला मात्र बोटभर लांब ओरखडा होता, पिसांखाली झाकलेला. भाऊ काहीच बोलला नाही, कोंबड्याला उचलून त्यानं टोपलीखाली झाकलं.

"आठ दिवसच हं," तो म्हणाला. नाना म्हणाला, पाठ भरून येईपर्यंत. तेवढ्यावरून दोघं पुन्हा सुरू झाले.