सीसी मोजून गट पाडणं बंद करा

धुळ्याच्या मित्रांनी एमआयडीसीतल्या मोकळ्या जागेवर रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे कोन मांडून, वेळ लावून गाड्या पळवल्या. 1200 सीसीच्या गटात दोन स्विफ्ट होत्या. एकीला बाहेरून मागवलेले मऊ, रस्त्याला जास्त चिकटणारे टायर, दुसरीला शोरूमचेच. मऊ टायरवाली पहिली आली आणि तेव्हापासून ग्रुपवर भांडण पेटलंय. एक म्हणतो, टायर ज्याचा त्याचा प्रश्न. दुसरा म्हणतो, मग हा पैसेवाल्यांचाच खेळ झाला. मी अमेरिकेत बसून मध्ये तोंड घातलं तर उत्तर आलं, "तू तठेच ऱ्हाय भो, आठलं तुले काय समजस!"

समजतं मला, म्हणूनच राग येतो. भांडण टायरवर चाललंय, पण घोळ त्याआधी, गट पाडतानाच झालाय. पेट्रोल गाडी चार मीटर आणि 1200 सीसीच्या आत बसली की आपल्याकडे कर कमी लागतो, म्हणून स्विफ्ट, आय20, टियागो सगळ्या तिथेच येऊन दाटल्या आहेत. आणि 999 सीसीची टर्बो पोलो नि 998 सीसीची अल्टो के10 तुमच्या हिशेबाने शेजारी-शेजारी उभ्या राहतात. एकीची ताकद 110 पीएस, दुसरीची 67. बैलांच्या शर्यतीतसुद्धा दात बघून आदत बैल आदत गटात सोडतात. गाड्यांना मात्र नुसत्या सीसीवर का भागवता?

इकडे अमेरिकेत, ओमाहात, अशा कोनांच्या शर्यतीत सीसीवरून गट कुणी पाडत नाही. एससीसीए या इथल्या मोटर क्लबच्या नियमांच्या पुस्तकात मॉडेल आणि सालाप्रमाणे गाड्यांची यादीच आहे. माझी जुनी मियाटा, माझदाची छोटी दोन सीटांची गाडी, 'ई स्ट्रीट' नावाच्या वर्गात बसते. स्ट्रीट म्हटलं की रिमची रुंदी कंपनीची, शॉक बदलले तर चालतात, वळणावर गाडी कलू न देणारा अँटी-रोल बार एकच बदलायचा, आणि टायरच्या कडेवर ट्रेडवेअर, म्हणजे रबर किती टिकेल त्याचा आकडा, 200 किंवा त्याहून जास्त लिहिलेला हवा; आकडा कमी तितकं रबर साधारण मऊ. त्याहून मऊ घालायचे तर खुशाल घाला, पण दुसऱ्या वर्गात जा. हो, तो 200 चा आकडा टायर कंपनी स्वतःच देते, आणि 200 लिहिलेले काही टायर डांबराला असे चिकटतात की साधा टायर त्यांच्या जवळपास फिरकत नाही. पण रेघ आधीच आखलेली असते आणि सगळ्यांना दिसते. कोन पाडला की दोन सेकंद दंड, तसंच हे. त्यावर कुणी हमरीतुमरीवर येत नाही.

"आपल्या उन्हात ते टायर टिकणार नाहीत," हाही मुद्दा आला. मे महिन्यातलं धुळ्याचं डांबर मी अनवाणी तुडवलंय. इथेही जुलैत एका गाडीवर दोन ड्रायव्हर असले की टायरला निवायला वेळच मिळत नाही. मग फवारणीचा असतो तसला पंप घेऊन आम्ही रबरावर पाणी मारतो. हात लावला तर रबर तळव्याला चिकटतं, बारीक खडी त्यात रुतून बसलेली असते. तापलेला मऊ टायर निसटायला लागतो, हे खरंच आहे. पण म्हणून नियमच नको, हे कुठलं शहाणपण?

इथे मला नियमांबद्दल कुणी मत विचारत नाही. कोर्स पायी फिरायचा, आपल्या पाळीला कोन उचलायला उभं राहायचं, वेळ ऐकायची, घरी यायचं. माणसं चांगली आहेत. पण ते पुस्तक माझ्या येण्याच्या कितीतरी आधीचं, त्यात माझा एक शब्द नाही. धुळ्याचं अजून लिहायचंय. रात्री दोन-दोन वाजता मी ग्रुपवर लांबलचक लिहीत बसतो ते त्यासाठी, आणि "तठेच ऱ्हाय" मनाला लागतं तेही त्यामुळेच. आग्रा रोडवर ट्रकांच्या मधून मी गाडी शिकलो, ते काही तिथे ठेवून आलेलो नाही.

200 चा नियम जसाच्या तसा उचला असं मी म्हणत नाही; आपल्याकडे टायरवर तो आकडा छापायची सक्तीच नाही. गाडीच्या मूळ मापाचा आणि धुळ्याच्या दुकानात पावतीवर मिळतो तो टायर, हा एक वर्ग करा. बाकीचे खुल्या वर्गात, टर्बो वेगळ्या. आणि त्या स्विफ्टवाल्याचा पहिला नंबर काढून घेऊ नका. त्या दिवशी टायरचा नियमच नव्हता, तो जिंकला तो जिंकला.