अकरा दाते

काल दुपारी चारच्या सुमारास बडोद्याच्या कमाटीबागेत, विश्वामित्री नदीच्या बाजूला, मी एका झुडपापुढे उकिडवा बसलो होतो. मखमली, हृदयाच्या आकाराची पानं, पाच पाकळ्यांचं केशरट पिवळं फूल. रानातलं कोणतं झुडूप हे, चिकणा की मुद्रा? चिकण्याचं फूल लहान आणि फिकं. मुद्रेचं फळ म्हणजे दातेरी चाक. लहानपणी शाईत बुडवून वहीवर शिक्के मारायचो. त्याला साधारण पंधरा ते वीस दाते असतात, म्हणून मोजत होतो. अकरापर्यंत आलो.

"काय पडलं?"

मागे पांढऱ्या बुटांतले एक काका.

"काही नाही."

इथेच चुकलं. "काही नाही" म्हणजे सोन्याचं काहीतरी.

"अंगठी?" काकांनी आवाज खाली आणला. "घरी माहितीय?"

"काका, फूल बघतोय."

"हो, हो. फूल." ते शेजारी बसले. "आमच्या दांडिया बाजारात एकाची चेन गेली होती. तोही दोन दिवस फूलच बघत होता."

मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. सातवर असताना काका माळ्याला ओरडले, "ए भाई, आ साहेबनी वींटी खोवाई गई छे!"

पाच मिनिटांत आठ माणसं गवत तुडवत होती. एका बाईंनी विचारलं, "केटला तोलानी?" काकांनी परस्पर सांगून टाकलं, "दोन." गर्दीच्या कडेला एका पोराने मगर निघाली का म्हणून विचारलं. विश्वामित्रीकाठी हा प्रश्न वेडगळ नाही, त्यामुळे अर्धी गर्दी नदीकडे पळाली.

माळी तेवढा जागचा हलला नाही. "खपाटमां शुं मळे?" असं पुटपुटून तो पाइपकडे वळला. खपाट! मुद्रेचं गुजराती नाव. म्हणजे मुद्राच. अख्ख्या बागेत उत्तर एकाकडे होतं, आणि त्याचं कोणी ऐकलं नाही.

सयाजीरावांनी १८७९ मध्ये लोकांसाठी एवढी बाग केली. फुलांच्या घड्याळापुढे रोज फोटो निघतात, तिथे कोणाला कोणी विचारत नाही, काय हरवलं म्हणून. आपोआप उगवलेल्या फुलाकडे दोन मिनिटं बघायला मात्र अंगठी हरवावी लागते. राग येतो, खरंच.

शेवटी काकांनी माझ्या तळहातावर एक निळं बटण ठेवलं. "हेच ना? आधी सांगायचं, बुवा."

झुडूप त्यांच्या पांढऱ्या बुटाखाली आडवं झालं होतं. मी "हो" म्हणालो.

बटण अजून खिशात आहे. माझ्या एकाही शर्टाचं नाही.