बाटलीवर ‘विष’ लिहिले आहे का, हे ॲलिसने पाहिले होते

गेल्या आठवड्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी ‘ॲलिस इन वंडरलँड’ या लहान मुलांसाठीच्या इंग्रजी पुस्तकाची रवानगी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, पापडांच्या डब्यामागे झाली. पुस्तक वाचत होती माझ्या पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी, आणि हुकूम काढला तिच्या आजीने, म्हणजे माझ्या वहिनींनी. त्यांना ग्रुपवर एक मराठी संदेश आला होता. तो त्यांनी मला पाठवला आणि खाली “भाऊजी, तुम्हीच आणून दिलं होतं ना हे?” असा प्रश्न जोडला. पुढच्या दोन दिवसांत तोच संदेश मला आणखी तिघांनी पाठवला, तेव्हा प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावे हे बरे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. लेखक अफूबाज होता आणि पुस्तक त्याने नशेत लिहिले. हुक्का ओढणारा सुरवंट, भूछत्राचे तुकडे आणि ‘मला पी’ असे लिहिलेली बाटली हे मुलांना एलएसडीकडे, म्हणजे भास घडवणाऱ्या एका नशेच्या द्रव्याकडे, नेणारे धडे आहेत. पुस्तकातला वेडा टोपीवाला नशेने वेडा झालेला आहे. चीनने याच कारणासाठी पुस्तकावर बंदी घातली. राणी व्हिक्टोरियाही या पुस्तकाला फसली. ते टिकले ते केवळ सिनेमामुळे, आजच्या मुलांना त्यातले काही कळत नाही, म्हणून अशी परकीय पुस्तके घरातून काढावीत आणि हा संदेश दहा पालकांना पाठवावा.

बाटलीचा आरोप मला सर्वांत संतापजनक वाटतो, कारण तो करणाऱ्याने पहिले प्रकरणसुद्धा वाचलेले नाही. ॲलिस बाटली उचलून सरळ तोंडाला लावत नाही. ‘मला पी’ म्हणणे सोपे आहे, पण आधी बाटलीवर ‘विष’ लिहिले आहे का ते पाहीन, असे ती स्वतःला बजावते. सांगितलेले साधे नियम न पाळल्यामुळे भाजलेल्या आणि श्वापदांनी खाल्लेल्या मुलांच्या गोष्टी तिने वाचलेल्या असतात: लालबुंद सळई फार वेळ धरली तर भाजते, सुरीने बोट खोल कापले तर बहुधा रक्त येते, आणि ‘विष’ लिहिलेल्या बाटलीतले फार प्यायले तर ते आज ना उद्या बाधतेच. बाटलीवर ‘विष’ लिहिलेले नसते, म्हणून ती चव घेऊन पाहते. येथे वहिनींच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की ‘विष’ लिहिलेले नाही म्हणून पिण्यास हरकत नाही हा तर्क पक्का नव्हे, आणि स्वयंपाकघरातल्या ॲसिडच्या बाटलीबाबत तो कोणत्याही मुलाने लावू नये. पण त्या फटीवरच लेखक हसतो आहे, आणि ती फट मुलांना दिसते. आमच्या मुलीनेच मला विचारले होते की चिठ्ठी गळून पडली असली तर काय. ज्या पुस्तकाने नऊ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न सुचवला, ते तिला व्यसन लावणार, असे आपण एकमेकांना कळवत बसलो आहोत.

हुक्का सुरवंट एकटाच ओढतो. ॲलिसला तो देऊही करत नाही. उलट डोके शांत ठेव, असा सल्ला देतो, जो आमच्या ग्रुपवर कोणी दिला तर मी आभार मानीन. भूछत्राची एक बाजू खाल्ली की उंची वाढते आणि दुसरी खाल्ली की कमी होते, हे कळल्यावर ॲलिस दोन्ही हातांत तुकडे धरून आलटून पालटून कण कण कुरतडते आणि नेहमीच्या उंचीवर येते. वैद्याने मात्रा ठरवावी तशी ही रीत आहे. एलएसडीबद्दल तारखा पुरेशा आहेत. पुस्तक 1865चे; अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने ते द्रव्य प्रथम 1938 साली तयार केले आणि त्याचा मनावर होणारा परिणाम त्याला 1943 साली कळला. ॲलिसचा संबंध अशा द्रव्यांशी जोडला तो 1960च्या दशकातील अमेरिकी गाण्यांनी आणि भित्तिचित्रांनी, म्हणजे लेखक मरून साठ-सत्तर वर्षे झाल्यावर.

आता लेखकाची अफू. लुईस कॅरोल हे टोपणनाव घेणारे चार्ल्स लुटविज डॉजसन ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवत असत. 4 जुलै 1862 रोजी लिडेल कुटुंबातील तीन बहिणींना आणि डकवर्थ नावाच्या सहकाऱ्याला घेऊन ते नावेतून गॉडस्टोपर्यंत गेले, आणि वाटेत दहा वर्षांच्या ॲलिसच्या हट्टापायी ही गोष्ट रचली गेली. म्हणजे नशेत कोठडीत बसून नव्हे, भर दुपारी वल्ही मारताना, तीन मुली मध्ये मध्ये तोंड घालत असताना. पुढे त्यांनी ती स्वतःच्या अक्षरात लिहून, 37 चित्रे स्वतः काढून, नोव्हेंबर 1864मध्ये ॲलिसला भेट दिली. छापण्यासाठी गोष्ट वाढवली, तेव्हा चहापानाचा प्रसंग आणि हसणारे मांजर आत आले. पहिल्या 2,000 प्रती तयार झाल्यावर चित्रकार जॉन टेनियल यांना चित्रांची छपाई पसंत पडली नाही, तर खर्च स्वतःच्या खिशातून होत असूनही डॉजसन यांनी त्या मागे घेतल्या. आलेल्या-गेलेल्या पत्रांची ते क्रमांकवार नोंद ठेवत, आणि तो क्रमांक अखेरीस 98,721वर पोचला होता. अशा माणसाला झिंगलेला म्हणायचे, तर आमच्या आळीतले सगळे हिशेबनीस आधी व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावे लागतील.

अर्धसत्य एवढेच, की त्या काळच्या इंग्लंडमध्ये अफूचा अर्क औषध म्हणून सहज मिळे आणि 1868च्या कायद्यापूर्वी त्याच्या विक्रीवर फारसे बंधन नव्हते. औषधाच्या दुकानात मिळत असे म्हणून अमुक एक माणूस व्यसनी होता, हे मात्र सिद्ध होत नाही. डॉजसन यांच्याबद्दल अवघड प्रश्न आहेत. त्यांनी काढलेली लहान मुलींची काही छायाचित्रे आज अस्वस्थ करतात आणि दैनंदिनीच्या 13 वह्यांपैकी 4 सापडत नाहीत. त्याविषयी अभ्यासक भांडत आले आहेत. संदेशवाल्यांना त्याचा पत्ताही नाही.

टोपीवाल्याचे लवकर आटोपतो. नमद्याच्या टोप्या करताना पारा वापरत आणि त्याने कारागिरांच्या मेंदूवर परिणाम होई, ही खरी गोष्ट आहे. ती कामगारांच्या विषबाधेची दुःखद कथा आहे, नशेची नव्हे. चीनच्या बंदीची हकिगत तर वेगळीच आहे. 1931 साली हुनान प्रांताच्या राज्यपालाने आक्षेप घेतला तो प्राण्यांना माणसांसारखे बोलायला लावले म्हणून. हा निकष लावायचा, तर करटक आणि दमनक यांना घेऊन पंचतंत्रही पापडांच्या डब्यामागे गेले पाहिजे. ॲलिस आवडल्यावर राणीने लेखकाचे पुढचे पुस्तक मागवले आणि तिला गणिताचा ग्रंथ मिळाला, ही आख्यायिका साफ खोटी असल्याचे खुद्द डॉजसन यांनी हयातीत छापून टाकले होते. परकीय म्हणून काढा म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की ज्या सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यांनीच 1910 साली ग्रंथालये उभारायला बॉर्डन नावाच्या गृहस्थांना अमेरिकेतून बडोद्यात आणले होते.

पुस्तक सिनेमामुळे टिकले, हेही कालगणनेत बसत नाही. डिस्नेचा चित्रपट 1951चा आहे. जर्मन आणि फ्रेंच अनुवाद 1869 सालीच झाले होते, आणि मूळ हस्तलिखित 1928 साली लिलावात 15,400 पौंडांना गेले होते. ते टिकण्याचे खरे कारण मला गणितातल्या गमतीजमतींवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांच्या 1960 सालच्या सटीप आवृत्तीत सापडले. तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्यामुळे मी त्या टिपांकडे जरा अधिकच ओढला गेलो असेन. आपण तीच आहोत की बदललो, हे तपासायला ॲलिस पाढा म्हणून पाहते: चार पंचे बारा, चार सक तेरा, चार साते... अरे देवा, अशाने वीसपर्यंत मी कधीच पोचणार नाही! बडबड वाटते, पण गार्डनर दाखवतात की दर पायरीला एक वाढवत गेले, तर इंग्रजी पाढा बारावर संपतो तेव्हा ती एकोणीसवरच अडकते. दहाऐवजी अठराच्या गटाने मोजले, तर वीस म्हणजे एक गट आणि वर दोन, म्हणून ते 12 असे लिहिले जाते; अठरा, एकवीस, चोवीस असा हा गट, म्हणजे संख्यापद्धतीचा पाया, दर पायरीला वाढवत नेला, तरीही 20 असे कधी येत नाही. सगळे उलटेपालटे, पण आत नियम पक्का. आणि नियम शोधून मोठ्यांना त्यात पकडणे हा मुलांचा आवडता उद्योग आहे.

आजच्या मुलांना हे कळत नाही म्हणणाऱ्यांसाठी परवाची संध्याकाळ सांगतो. वहिनी झोपाळ्यावर शेंगा सोलत होत्या आणि मुलगी शेजारी बसून मोठ्याने “चार पंचे बारा” म्हणत होती. वहिनी दचकून “वीस!” म्हणाल्या. तिने शेंगांची टरफले ओळीने मांडली, दर टरफलाला एक वाढवत गेली आणि दहाव्याला थांबून म्हणाली, “आजी, आपला पाढा दहालाच संपतो ना? मग आपली ॲलिस सतरापर्यंतच जाईल. तिची दोन घरं पुढे जाते.” वहिनींनी टरफले पुन्हा मोजली. पुस्तक त्या रात्री फळीवरून खाली आले; पापडांचा डबाही सोबत खाली आला, तो अजून जेवणाच्या टेबलावरच आहे.