नाव बदलण्याआधी एफसिंक हवंच

फाइल अर्धवट न राहता सेव्ह कशी करायची यावरच्या लेखात पायथनसाठी आधी तात्पुरती फाइल लिहून मग ओएस.रिप्लेसनं तिचं नाव बदलून ती जुन्या फाइलच्या जागी बसवायची रीत दिली, ती बरोबरच आहे. पण एक पायरी राहिली, ती एफसिंकची, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर लिहायला लावायची, आणि आमच्या लातूरकडं तीच सगळ्यात महत्त्वाची.

मोंढ्यातल्या आडत दुकानांना मी हिशेबाचं सॉफ्टवेअर करून देतो. सोयाबीनच्या हंगामात काट्यावर रांग लागलेली असते अन् लाइट जाते. राइट झालं म्हणजे डेटा डिस्कवर गेला असं नसतं, तो अजून कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीत असू शकतो. नाव आधी बदललं आणि मजकूर मागं राहिला, तर मशीन परत चालू केल्यावर शून्य बाइटची फाइल हाती येऊ शकते. शेतकऱ्याच्या पट्टीचा हिशेबच गेला तर त्यानं कुणाकडं बघायचं?

म्हणून आधी फ्लश (पायथनच्या बफरमधलं कर्नलकडं देणं), मग ओएस.एफसिंक, मग रिप्लेस. लिनक्सवर त्यानंतर फोल्डरलाही एफसिंक करा, नाहीतर नाव बदलल्याची नोंद टिकेल याची खात्री नाही. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरात ठेवा. टीएमपी, म्हणजे सिस्टिमचं तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, वेगळ्या फाइलसिस्टिमवर (उदा. डिस्कच्या दुसऱ्या भागावर) असेल तर रिप्लेस एरर देतं. आणि एमकेएसटेम्पनं (तात्पुरती फाइल बनवणाऱ्या पायथनच्या फंक्शननं) केलेली फाइल फक्त मालकालाच वाचता येते, परवानग्या तेवढ्या बघून घ्या.

एफसिंकची ओळ लेखातल्या कोडमध्ये कृपया घाला, नवी पोरं तोच कोड उचलतात.