घेवडा मंडईतून आणू नका, दारात लावा

श्रावण लागला की साताऱ्याच्या मंडईत घेवड्याचे ढीग दिसायला लागतात. पण हातात घेऊन बघा, निम्म्या शेंगा दाण्यांनी टरारलेल्या असतात. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. भाजी वजनावर विकली जाते, भरलेली शेंग जड भरते आणि दर दोन दिवसांनी तोडणीची मजुरी कुणाला परवडते? पण घेवड्याची सगळी चव कोवळेपणात आहे. दाणा उठला की शीर जाड होते, साल चिवट होते, मग कितीही फोडणी द्या. शेंग वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. अशी शेंग ज्या दिवशी तयार होते त्याच दिवशी तोडायची असेल तर झाड आपल्या दारातच हवं. म्हणून मी भेटेल त्याला सांगते, शोभेच्या दोन कुंड्या कमी करा पण घेवडा लावा.

जागा फार लागत नाही. अंगण नसेल तर गच्चीवर फूटभर खोलीची कुंडी चालते, रंगाचा जुना डबा धुऊन बुडाला भोकं पाडली तरी चालतं. ऊन मात्र सहा तास तरी पाहिजे. बुटका घेवडा दीड-दोन फुटांवर थांबतो, त्याला आधार लागत नाही, दीड-दोन महिन्यांत शेंगा देतो. त्याच्या शेंगा मात्र एकदमच येतात आणि लवकर संपतात, त्यामुळे सगळं बी एका दिवशी लावू नये. पंधरा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं टोकावं. वेलीचा घेवडा उशिरा धरतो, पण काठीवर किंवा सुतळीवर चढवला की बरेच दिवस शेंगा देत राहतो. ज्यांच्याकडे जागा कमी आणि भिंत उंच, त्यांनी वेलच लावावा.

आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि घेवड्याला नेमकं तेच सोसत नाही. मातीत कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळून वरंबा करा, वरंब्यावर बोटाच्या पेराएवढं खोल बी टोका, दोन बियांत वीतभर अंतर ठेवा. बी रात्रभर भिजत घालायचा सल्ला सगळीकडे दिला जातो, मला तो पटत नाही. घेवड्याचं बी पाण्यात पटकन फुगतं, तडकतं आणि ओल्या मातीत कुजतं. कोरडं बी ओलसर मातीत टोकलं की आठ-दहा दिवसांत वर येतं. दुसरी गोष्ट खताची. शेंगवर्गीय पीक हवेतला नत्र मुळांच्या गाठीत बांधतं हे खरं, पण त्यात घेवडा हरभऱ्यापेक्षा कमी पडतो. त्यामुळे शेणखत सुरुवातीलाच द्या. मात्र युरियाचा मारा केलात तर पानंच पानं येतील आणि शेंगा मोजक्या.

लावायची वेळ पाऊस सुरू झाल्यावर, नाहीतर दिवाळीच्या आसपास. एप्रिल-मेच्या उन्हात फुलं येतात आणि गळून जातात, तेव्हा खटाटोप करू नये. मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, हटला नाही तर निंबोळी अर्क. पाणी झाडाच्या बुडाशी घाला, आणि पानं ओली असताना झाडांत हात घालू नका, तांबेरा तसाच पसरतो. शेंगा लागल्या की एक दिवसाआड तोडा. झाडावर शेंग पिकायला लागली की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि नवीन फुलं कमी होतात.

आता स्वयंपाक. हल्ली कच्च्या शेंगा चिरून सॅलडमध्ये घालतात ते मला अजिबात मान्य नाही. कच्च्या घेवड्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने उलट्या आणि पोटदुखी होऊ शकते. वाळलेल्या लाल दाण्यांत ते सर्वांत जास्त, म्हणून दाणे भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचेच. कोवळ्या शेंगेत ते कमी असलं तरी भाजी पुरती शिजलीच पाहिजे.

माझ्या सासूबाईंची पद्धत आजही मोडलेली नाही. शिरा काढून शेंगा बारीक चिरायच्या. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची. श्रावणात आमच्याकडे लसूण नसतो. शेंगा परतून मीठ घालायचं, वर ताटलीत पाणी ठेवून वाफेवर शिजवायची, लागलं तर ताटलीतलंच कोमट पाणी आत सोडायचं. शेवटी शेंगदाण्याचं कूट. टोमॅटो किंवा चिंच घालायचीच असेल तर शेंग मऊ झाल्यावर घाला. आंबटाने शेंग लवकर शिजत नाही आणि हिरवा रंगही मातकट होतो. सोबत ज्वारीची गरम भाकरी.

आणि एक कळकळीची विनंती, बी घरचं धरा. घेवड्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच स्वतःचं परागीभवन करतं, त्यामुळे आईसारखंच झाड बियातून येतं. इतकं सोपं बी दुसऱ्या फार थोड्या भाज्यांचं असेल. दोन निरोगी झाडं तोडणीतून वगळा, शेंगा झाडावरच खडखडीत वाळू द्या, दाणे उन्हात तापवून राखेत ठेवा म्हणजे भुंगा लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तांबड्या पट्ट्यांचा तो दाणा पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी राखला म्हणूनच आज आहे. वाईकडे, जावळीकडे किंवा पाटणकडे कुणाच्या परसात जुना वेलीचा घेवडा अजून असेल तर कमेंटमध्ये सांगा. मूठभर बी मला हवंय, बदल्यात माझ्याकडचा बुटका देईन.